ग्वाल्हेरच्या गच्चीची हिवाळ्यापूर्वीची तयारी

गच्चीकडे लक्ष द्यायचे ते पावसाळ्याआधी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. ग्वाल्हेरात तेवढ्याने भागत नाही. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि जानेवारीतील काही रात्री तो तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. काँक्रीट तापले की पसरते, गारठले की आखडते. 10 मीटर लांबीचा स्लॅब 40 अंशांच्या फरकाने सुमारे 4 मिलिमीटर आखडतो. उन्हाळ्यात मिटलेली भेग म्हणूनच कडाक्याच्या थंडीत सर्वांत जास्त उघडी असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पश्चिमेकडून येणारा हिवाळी पाऊस, म्हणजे इकडचा मावठा, हजेरी लावतो. आषाढ-श्रावणात न गळलेले छत जानेवारीतल्या एका रात्रीच्या रिमझिमीने गळू लागते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

दुरुस्तीसाठी योग्य काळ दसऱ्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. तोवर पावसाळ्याची ओल उतरलेली असते, ऊन असते आणि धुके सुरू झालेले नसते. एका वर्षी मी हे काम डिसेंबरवर ढकलले आणि सकाळी साडेआठ वाजता, दिसायला कोरड्या गच्चीवर, वॉटरप्रूफिंगचा लेप लावून घेतला. तळहात फिरवून पाहिला असता तर दव हाताला लागले असते. फेब्रुवारीत तो लेप पापडासारखा सुटून आला. तुकडा उलटून पाहिला तेव्हा मागच्या बाजूला सिमेंटची बारीक धूळ चिकटलेली होती, म्हणजे लेपाने स्लॅब धरलाच नव्हता. तेव्हापासून लेपाचे काम मी अकरानंतर सुरू करतो आणि तीनच्या सुमारास थांबवतो. तापमान 10 अंशांच्या खाली जाणार असेल तर डबा उघडूच नये.

सुरुवात गच्ची पूर्ण रिकामी करण्यापासून करावी. कुंड्या, मोडक्या खाटा, फळ्या, उरलेल्या विटा यांच्याखालीच ओल दडलेली असते. कूलर वर ठेवलेला असल्यास त्याची टाकी रिकामी करून तो हलवावा आणि स्टँडच्या पायांखालची जागा निरखून पाहावी, कारण चार-पाच महिने तेथे पाणी ठिबकत आलेले असते. डिश अँटेनाचे बोल्ट जेथे स्लॅबमध्ये ठोकलेले आहेत ती भोकेही तपासावीत.

त्यानंतर गच्ची स्वच्छ धुऊन उन्हात वाळू द्यावी आणि वाळत असताना तेथेच थांबावे. सर्व पृष्ठभाग पांढुरका होत जातो, मात्र भेगांच्या कडेने काळपट रेघ बराच वेळ टिकते. ती लगेच खडूने आखून घ्यावी, कारण अर्ध्या तासाने ती दिसेनाशी होते आणि मिस्त्री येईपर्यंत आपल्यालाही आठवत नाही. आखलेली भेग छिन्नीने थोडी रुंद करावी, आतील धूळ ब्रशने काढावी आणि मग ती लवचीक सीलंटने भरावी. येथे बहुतेक मिस्त्री सिमेंटचा घोळ ओतून मोकळे होतात. थंडीत स्लॅब आखडला की ती कडक पट्टी एका बाजूने सुटते आणि भेग होती तशी उघडी पडते. ज्या भेगेची हालचाल होते तिच्यात सिमेंट भरण्यास माझा ठाम विरोध आहे.

गच्ची आणि कठडा जेथे मिळतात तो कोपरा सर्वांत कच्चा. तेथे काटकोन न ठेवता सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा गोलसर उतार द्यावा. पुण्याकडे त्याला वाटा म्हणतात, आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले मिस्त्री गोला म्हणतात. कठड्याच्या फटीत पिंपळ उगवला असल्यास तो मुळासकट काढावा. नुसता वरून तोडलेला पिंपळ पुन्हा फुटतो आणि फट आणखी फाकवतो. हे झाल्यावर लेपाचे दोन हात द्यावेत, दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि भेगांवर पहिल्या हाताबरोबरच फायबरची जाळी बसवावी. लेप पक्का होण्यास साधारण आठवडा द्यावा. मग पन्हळीची तोंडे बुजवून गच्चीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी 24 ते 48 तास उभे ठेवावे आणि खाली छताला डाग उमटतो का ते पाहावे. चाचणीनंतर बोळे काढण्यास विसरू नये. हसू नका, आमच्या शेजारी असे घडलेले आहे.

दगडी पाटियांची, म्हणजे लांब फरशांची, छते मात्र वेगळ्या हाताने हाताळावी लागतात. लष्करातील जुन्या घरांत गर्डरवर वालुकाश्माच्या पाटिया टाकून वर चुन्याचा थर दिलेला असतो. अशा छतावर पाणी साठवून चाचणी घेऊ नये: प्रत्येक चौरस मीटरवर 25 मिलिमीटर पाण्याचे 25 किलो वजन येते, आणि गर्डर किती गंजला आहे हे वरून कळत नाही. नळीने थोडे थोडे पाणी सोडून एकेक भाग तपासावा. पाटियांमधील दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, चुना आणि सुरखीनेच (विटांच्या पुडीनेच) भराव्यात. चुन्याचा थर थोडा हलतो आणि आतली ओल बाहेर सोडतो. त्यावर ओतलेले सिमेंट दोन्ही गोष्टी करू देत नाही. गर्डरचा गंज खालून तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर गंजरोधक रंग द्यावा, आणि लोखंडाचे पापुद्रे सुटत असतील तर रंग न लावता आधी जाणकार अभियंत्याला दाखवावे.

टाकीचे झाकण तारेने बांधावे, कारण माकडे ते उचलून फेकतात. पन्हळीच्या तोंडाला जाळी लावावी.

थंडीत एक फसवणूक नेहमी होते. बंद खोलीत माणसे झोपतात, स्वयंपाकाची वाफ वर जाते आणि पहाटे गार छताला थेंब धरतात. घरचे त्याला गळती समजून पुन्हा मिस्त्रीला बोलावतात. अशा वेळी छताला खालून वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या खोलीकडील बाजूला पाणी असेल तर ती घरातली वाफ आहे, तिच्यासाठी झरोका थोडा उघडा ठेवणे पुरते. पाणी प्लास्टिक आणि छत यांच्या मध्ये साचले असेल, तर खडू घेऊन पुन्हा गच्चीवर जावे.