घरात लिथॉप्स वाढवताना या चुका टाळा

मरायला टेकलेले लिथॉप्स (जाड पानांच्या एका जोडीची, खड्यासारखी दिसणारी छोटी वनस्पती) घेऊन कोणी सल्ला विचारायला आले, की मी आधी कुंडीत बोट खुपसून पाहतो आणि बहुतेक वेळा आतली माती ओलीच लागते. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या रखरखीत, खडीने भरलेल्या जमिनीत उगवणारी ही वनस्पती १८११ साली विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाने खडा समजून उचलली होती. तिला 'दर रविवारी दोन चमचे पाणी' हे विक्रेत्याने सांगितलेले वेळापत्रक मानवत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे पाने बदलण्याच्या काळात पाणी घालणे. शरद ऋतूत फूल येऊन गेल्यावर रोपाच्या पोटात नवी पर्णजोडी तयार होते आणि ती जुन्या पानांतले पाणी शोषून वाढते, त्यामुळे साधारण डिसेंबर ते मार्च या काळात जुनी पाने सुरकुततात, तशी ती सुरकुतायलाच हवीत. आमच्या शेजारच्या वहिनींना मात्र त्या सुरकुत्या म्हणजे तहान वाटली. त्यांनी पाणी घातले, जुनी पाने पुन्हा टरारून फुगली आणि नवी जोडी मधल्या भेगेत अडकून पडली. तेवढ्यावर न थांबता 'मोकळे करावे' म्हणून त्यांनी भुवया कोरण्याच्या चिमट्याने जुनी पाने सोलायला घेतली. नव्या पानांच्या कोवळ्या सालीवर ओरखडे उठले, बुडाशी जखम झाली, आणि काही दिवसांत रोपाचा खालचा भाग तपकिरी, पाणचट होऊन हाताच्या नुसत्या स्पर्शाने मुळांपासून सुटला. भेग रुंदावून आत नवी पाने दिसू लागली की मी झारी उचलतच नाही. जुनी जोडी कांद्याच्या सालीसारखी कोरडी होईपर्यंत थांबतो आणि ती साल आपणहून सुटेपर्यंत तिला हात लावत नाही. एवढा धीर नसणाऱ्यांनी मनीप्लांट लावावा, तो कोणाचेही ऐकून घेतो.

दुसरी चूक मातीची. रोपवाटिकेतून आलेले रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात असते, आणि वरून कोरडे दिसणारे कोकोपीट आत कितीतरी दिवस ओल धरून ठेवते, त्यातून मुंबई-कोकणातला पावसाळा असेल तर विचारायलाच नको. मी रोप आणल्यावर मुळांभोवतीचे कोकोपीट झाडून टाकतो आणि धुतलेली जाड रेती, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) व चाळलेले विटांचे तुकडे असे तीन भाग घेऊन त्यात जुने पानकुजीचे खत एकच भाग मिसळतो. लिथॉप्सला सोटमूळ असते, म्हणून कुंडी किमान चार इंच खोल आणि बुडाला भोक असलेली हवी. सुंदर दिसणाऱ्या काचेच्या बंद बरणीत ते लावूच नये.

उजेड कमी पडला की रोप दगडासारखे बसके न राहता वर ताणले जाते, आणि ताणलेली जोडी पुन्हा आखूड होत नाही, पुढच्या जोडीची वाट पाहावी लागते. खिडकीत रोज चार-पाच तास ऊन मिळेल असे पाहावे, मात्र सावलीतले रोप एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवल्यास पाने भाजतात. कडक उन्हाळ्यात रोप फारच आत ओढले गेले तर संध्याकाळी थोडे पाणी पुरते, आणि पावसाळ्यात मी ते जवळपास बंदच ठेवतो. वरून फवारा मारू नये. मुळांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो, तेव्हा मुळे धुऊन माती पूर्ण बदलावी.

गडद निळ्या लिथॉप्सची छायाचित्रे दाखवून विकल्या जाणाऱ्या बियांवर पैसे घालवू नयेत, कारण निळे लिथॉप्स नसतातच. आणि खऱ्या बियांपासून फूल यायलाही साधारण तीन वर्षे लागतात, त्यामुळे नवख्याने वाढलेले, बुडाशी घट्ट असलेले रोप हातात धरून, दाबून पाहून घ्यावे.