रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात सिस्टरना हाक कशी मारावी

आपले माणूस दाखल झाले की औषधे, कपडे, कागदपत्रे यांची जुळवाजुळव आपण मनापासून करतो. खाटेजवळच्या बेलकडे मात्र गरज पडल्यावरच लक्ष जाते. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो, मडगावचे वा म्हापशाचे जिल्हा रुग्णालय असो, की प्रोव्हेदोरिया या गोवा सरकारच्या संस्थेचा एखादा वृद्धाश्रम असो, तिथे मदत कशी मागायची हे पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारून घ्यावे.

जिथे बेलची सोय असते, तिथे बटण दाबले की सहसा खोलीच्या दारावरचा दिवा लागतो आणि नर्सिंग स्टेशनवर खाटेचा किंवा खोलीचा क्रमांक दिसतो. हा दिवा विझवण्याचे बटण अनेक ठिकाणी मुद्दाम खाटेपाशीच बसवलेले असते, जेणेकरून परिचारिकेला रुग्णापर्यंत यावेच लागते. 1853 साली लंडनमधील एका रुग्णालयाची जबाबदारी घेताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजावी आणि ती कोणी वाजवली हे कळण्यासाठी, वाजताच उघडणारी तिची झडप उघडीच राहावी, असा आग्रह धरला होता.

बेल आपण दाबून पाहणे पुरेसे नाही; रुग्णाने स्वतः, झोपलेल्या स्थितीत, चष्मा न लावता ती दाबून पाहावी. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली असेल तर बेल चांगल्या हाताशी हवी. बोटांत जोर नसेल, तर तळहाताच्या हलक्या दाबाने चालणारे बटण मिळते का, ते विचारावे. चादर बदलताना वायर खाटेमागे घसरते, म्हणून दर वेळी ती पुन्हा उशीजवळ चिमट्याने अडकवून घ्यावी. न्हाणीघरातली ओढायची दोरी जमिनीपर्यंत लोंबती असावी, कारण घसरून पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोहोचतो. ती पायात येते म्हणून कोणी वर गुंडाळून ठेवली असेल, तर लगेच सोडायला सांगावे.

आपल्याकडच्या वयस्क मंडळींची खरी अडचण संकोचाची असते. ‘सिस्टर कामात आहे, तिला कशाला त्रास’ असे म्हणत आजी लघवी रोखून धरतात आणि शेवटी एकट्याच उठायला जातात. रुग्णालयात रुग्ण पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. घाई होण्याआधीच बोलवायचे आणि कोणी येईपर्यंत पाय खाली टाकायचा नाही, हे त्यांना मायेने पण पुन्हा पुन्हा सांगावे. सिस्टर आल्यावर ‘बरे वाटत नाही’ एवढ्यावर न थांबता काय होते आहे, कुठे आणि केव्हापासून, हे सांगावे. बोलता येत नसेल, तर पाणी, दुखणे, शौच, श्वास यांची चित्रे काढलेला पुठ्ठा उशाशी ठेवावा.

छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक तोंड वाकडे होणे, सलाइन लावलेल्या जागेतून रक्त येणे, अशा वेळी बेल दाबून वाट पाहत बसू नये. सोबतच्या माणसाने थेट स्टेशनवर जाऊन मोठ्याने सांगावे.

सार्वजनिक वॉर्डात बेल नसल्यास परवानगी घेऊन हातघंटी द्यावी. पावसाळ्यात वीज गेल्यावर बेल इन्व्हर्टरवर चालते का, आणि बिनतारी असल्यास तिच्या बॅटऱ्या कोण बदलते, हेही विचारावे.

वारंवार उशीर होत असेल, तर वेळा लिहून ठेवाव्यात आणि धावपळीतल्या सिस्टरवर न चिडता त्या वॉर्डच्या प्रमुख सिस्टरना दाखवाव्यात.