केडीबीत पहिला पॅच पाठवण्याआधी

केडीबी म्हणजे लिनक्स कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मध्यवर्ती भागातला, डीबगर: कर्नल जागच्या जागी थांबवून आत काय चाललंय ते बघायचं साधन. त्यासाठी मी लिहिलेली पहिली आज्ञा ४० वेळा तरी नीट चालली असेल. लिनक्स कर्नल थांबवायचा, आज्ञा द्यायची, कोणत्या वर्कर पूलमध्ये (कर्नलची कामं करणाऱ्या थ्रेडच्या गटात) किती कामं रांगेत आहेत त्याची यादी बघायची आणि ‘गो’ म्हणून कर्नलला सोडून द्यायचं. खूश होऊन मी पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, मूळ प्रकल्पाला पाठवायच्या तयारीला लागले. सहज म्हणून क्यूईएमयूच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनच्या) आत एक मोठं कंपाइल लावलं, चारही सीपीयू धापा टाकायला लागले, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. पडदा गोठला. ना यादी, ना प्रॉम्प्ट, ना एरर.

यादी वाचण्याआधी मी त्या पूलचं स्पिनलॉक, म्हणजे मोकळं होईपर्यंत सीपीयूला फिरत ठेवणारं कुलूप, घेत होते. कर्नलमध्ये तसंच करायचं असतं, तसंच शिकवतात. पण डीबगरमध्ये शिरलं की बाकीचे सीपीयू असतील तिथे पकडून उभे केले जातात. एक्स८६वर त्यासाठी एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला हातातलं काम सोडायला लावणारी हाक) वापरतात, म्हणजे इंटरप्ट बंद करून बसलेला सीपीयूसुद्धा सुटत नाही. त्या दिवशी असाच एक सीपीयू नेमकं तेच लॉक हातात धरून उभा राहिला. मी ‘गो’ म्हणेपर्यंत तो हलणार नाही, आणि तो हलेपर्यंत माझी आज्ञा संपणार नाही. रिकाम्या मशीनवर ते लॉक कुणाकडे असण्याची शक्यता फारच कमी, म्हणून मी ४० वेळा वाचले होते.

कर्नल डीबगरवर काम करू बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय, आणि सुरुवात या फजितीपासून केली कारण या कामातली खरी अडचण इथेच आहे. बाकी सगळा कोड कर्नलच्या जिवावर चालतो. डीबगरचा कोड मात्र कर्नल आजारी पडल्यावर चालायचा असतो, आणि नक्की काय बिघडलंय ते आधी माहीत नसतं. त्यामुळे लॉक घेता येत नाही, झोपता येत नाही, मेमरी मागता येत नाही, इंटरप्टची वाट बघता येत नाही. सिरियल पोर्टवरून अक्षर हवं असेल तर ‘आलं का, आलं का’ करत पोर्टलाच विचारत बसायचं.

आता थोडी घराण्याची ओळख, कारण नावं सारखी वाटतात आणि नवखे गोंधळतात. केजीडीबी म्हणजे कर्नलच्या पोटात बसलेला छोटा दुवा. दुसऱ्या मशीनवर जीडीबी हा नेहमीचा डीबगर चालवायचा, सिरियल तारेने या दुव्याशी बोलायचं आणि सी कोडच्या ओळीनुसार पावलं टाकायची. केडीबीला दुसरं मशीन लागत नाही. तिथल्या तिथे प्रॉम्प्ट येतो. स्टॅक बघा, मेमरी बघा, प्रोसेसची यादी बघा. तो सी कोडच्या ओळी दाखवत नाही, चिन्हं आणि पत्ते दाखवतो. दोघांखाली आज एकच गाभा आहे आणि चालू असताना एकातून दुसऱ्यात जाताही येतं.

ही दोन्ही माणसं, म्हणजे प्रोग्रॅम, बरीच वर्षं उंबऱ्याबाहेर उभी होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २००० मध्ये आपल्याला डीबगर आवडत नाहीत असं स्वच्छ लिहून टाकलं होतं. डीबगर हाताशी असला की माणूस मूळ कारण शोधण्याऐवजी लक्षणं झाकतो, असा त्यांचा एकूण सूर. मला तो मुद्दा अर्धाच पटतो. विचार न करता ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा त्या खुणा) लावत सुटणारे मी रोज बघते, कधीकधी आरशात. पण नवीन बोर्डवर कर्नल अर्ध्यात मरतो तेव्हा नुसता विचार करून रजिस्टरमधला आकडा कळत नाही. तर, वेगळे पॅच म्हणून जगत जगत केजीडीबी २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आला, आणि एसजीआय कंपनीत वाढलेला केडीबी २०१० मध्ये २.६.३५ मध्ये. दोन्ही वेळा पुढाकार होता विंड रिव्हर कंपनीच्या जेसन वेसेल यांचा.

या गाभ्याची फाइल उघडलीत की वरच कॉपीराइटच्या ओळी दिसतील. २००० ते २००१ व्हेरिटास, मग टाइमसिस, मग २००३ ते २००४ अमित एस. काळे, २००४ ते २००६ लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड. ही शेवटची कंपनी पुण्याची. केजीडीबी मूळ कर्नलच्या बाहेर होता त्या काळात त्याची बरीचशी देखभाल पुण्यातून झाली. मी त्याच शहरात दोन वर्षं नोकरी करत होते आणि मला हे त्या फाइलमधून कळलं! कर्नल म्हणजे फिनलंड-अमेरिकेतल्या लोकांचं काम, अशी एक समजूत मनात घट्ट बसली होती. त्या ओळींनी ती परस्पर काढून टाकली.

मांडणीबद्दल. सुरुवातीला खरं हार्डवेअर नको, क्यूईएमयू पुरे. कर्नल बांधताना केजीडीबी, त्याचा सिरियल कन्सोल आणि केडीबी हे तिन्ही पर्याय चालू करा, डीबग माहिती ठेवा. बूट ओळीत कन्सोल आणि केजीडीबीओसी (केजीडीबीचा सिरियल कन्सोल) दोन्ही एकाच सिरियल पोर्टला जोडा, आणि पत्ते दर वेळी हलू नयेत म्हणून नो-केएएसएलआर द्या. आत गेल्यावर सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीच्या) ट्रिगर फाइलमध्ये ‘जी’ लिहिलंत की कर्नल थांबतो आणि चौकटी कंसात सीपीयूचा क्रमांक असलेला प्रॉम्प्ट येतो. कारण म्हणून तो ‘कीबोर्ड एंट्री’ दाखवेल, तुम्ही कीबोर्डच्या कळीला हातही लावला नसलात तरी. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. तुम्ही घालवू नका.

क्यूईएमयूला सीपीयू मात्र चार द्या. एका सीपीयूवर तपासलेला डीबगरचा पॅच तपासलेला नाही असंच धरा.

आणि या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट ही: क्यूईएमयूचा स्वतःचाही एक जीडीबी दुवा असतो, १२३४ पोर्टवर. नवखे त्यालाच केजीडीबी समजतात. तो मशीनच्या बाहेर बसतो. आत कर्नल जिवंत आहे की मेलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून डीबगरचंच डीबगिंग करायचं असेल तर तो सोन्यासारखा. आत सिरियलवर केडीबी, बाहेर जीडीबी. माझा पडदा गोठला तेव्हा ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी हेच सुचवलं. बाहेरून जीडीबी जोडला, थ्रेडची यादी मागितली; प्रत्येक सीपीयू एकेक थ्रेड म्हणून दिसतो. तीन सीपीयू केजीडीबीच्या प्रतीक्षेच्या लूपमध्ये गोल गोल फिरत होते, चौथा माझ्या आज्ञेत स्पिनलॉकपाशी. पाच मिनिटांत निदान. त्याआधीचे दोन दिवस मी प्रिंट टाकून बघत होते, जे अर्थातच छापलं जात नव्हतं.

कोड वाचायचा तर केडीबीचं घर लहान आहे. कर्नल, डीबग, केडीबी अशा वाटेने गेलात की हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सी फाइली. मुख्य फाइलमधला आज्ञांचा तक्ता आधी वाचा. प्रत्येक आज्ञेपुढे नाव, फंक्शन, मदतीची ओळ आणि परवानग्यांचे झेंडे. मग एकच आज्ञा धरून तळापर्यंत जा. मी मेमरी दाखवणारी ‘एमडी’ धरली. त्यातून कळलं की ती दिलेला पत्ता थेट उघडत नाही. पत्ता खोटा निघाला तरी कोसळू नये अशा खास वाटेने बाइट उचलते आणि नाही जमलं तर ‘बॅड अ‍ॅड्रेस’ म्हणून मोकळी होते. आजारी कर्नलमधली लिंक्ड लिस्ट म्हणजे अर्धवट तुटलेला साकव. प्रत्येक पाऊल चाचपून टाकायचं.

मी आले तेव्हा डोक्यात नवीन आज्ञांची लांबलचक यादी होती. बदलांचा इतिहास वाचत गेले तशी ती आखडत गेली, कारण या डीबगरची अलीकडची वाढ बरीचशी वजाबाकीने झालेली आहे. केडीबीकडे एके काळी स्वतःची २५६ केबीची मेमरी होती, स्वतःच्या वाटप करणाऱ्या फंक्शनसह. कर्नलकडे मागता येत नाही तर घरचीच ठेवू, असा तो विचार. २०२१ मध्ये कुणीतरी नीट बघितलं तर तिचा एकच ग्राहक उरला होता, पत्त्याजवळचं चिन्ह शोधणारं फंक्शन, आणि त्याला नावापुरता एक स्थिर बफर पुरत होता. सगळा डोलारा काढून टाकला.

ब्रेकपॉइंटचंही तसंच. डीबगर स्वतः जे फंक्शन वापरतो त्यावरच ब्रेकपॉइंट लावला तर काय? तो स्वतःच्याच सापळ्यात अडकतो. गाभ्यात यासाठी जुनी तपासणी आहे: पहिल्यांदा तो ब्रेकपॉइंट काढून टाकतो आणि तक्रार छापतो, त्याहून खोल गेला तर सरळ पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकतो. २०२० मध्ये यावर शहाणा उपाय आला. कुठे हात लावू नये याची यादी केप्रोब्जने (चालत्या कर्नलमध्ये तपासणीचे बिंदू लावणाऱ्या सोयीने) आधीच बाळगली होती; केजीडीबी तीच पाळायला लागला. नवं काही रचलं नाही, शेजारच्या घरची वापरली. त्याच वर्षी अगदी सुरुवातीच्या बूट कन्सोलवरून डीबगरमध्ये शिरायची सोय झाली. ती खरोखरची भर, आणि बोर्ड जागा करणाऱ्यांना विचारा तिची किंमत.

एक उदाहरण मी नवख्यांना मुद्दाम वाचायला लावते: २०२४ मधली टॅब-पूर्तीची दुरुस्ती. चिन्हाचं अर्धं नाव लिहून टॅब दाबला की केडीबी उरलेलं भरतो. भरताना स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनला मर्यादा म्हणून जिथे लिहायचं त्या बफरची जागा सांगायला हवी. सांगितली जात होती जिथून घ्यायचं त्याची लांबी. बफर भरलेला, कर्सर मधे, टॅब दाबला, की लिखाण हद्दीबाहेर. मूळ कर्नलमध्ये येऊन १४ वर्षं झालेल्या कोडमध्ये हे बसून होतं. हा बदल समजायला पहिल्या वर्षाचं सी पुरतं, आणि अशा जागा अजून नसतील असं मी तरी म्हणणार नाही.

सुरक्षेचा भागही दुर्लक्षू नका. लॉकडाउन (कर्नलची एक सुरक्षा-सोय) चालू असलेल्या कर्नलवर रूटलासुद्धा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्यालासुद्धा, कर्नलची मेमरी बदलता येऊ नये अशी अपेक्षा असते. केडीबीमधून ती बदलता येत होती. २०२२ मध्ये ही फट सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२२-२१४९९ म्हणून नोंदली गेली आणि बुजवली गेली. आज्ञांच्या तक्त्यातले ते परवानग्यांचे झेंडे म्हणूनच शोभेचे नाहीत. तुमची आज्ञा मेमरी वाचते, लिहिते की नुसती माहिती दाखवते, हे ठरवूनच तक्त्यात घालायचं. मी पहिल्या पॅचमध्ये शेजारच्या ओळीतला झेंडा तसाच उचलला होता. तपासणाऱ्याने पहिला प्रश्न त्याचाच विचारला.

हो, तो पॅच. लॉकऐवजी ‘मिळालं तर घे, नाहीतर पुढे जा’ असा प्रकार वापरून मी तो सुधारला, पाठवला, आणि तो नाकारला गेला. कारण शांतपणे दिलं होतं: ही माहिती जीडीबीच्या पायथन स्क्रिप्टमधूनही काढता येईल, मग मरणपंथावरच्या कर्नलमध्ये आणखी एक पॉइंटरची साखळी चालायला का लावायची? वाईट वाटलं. दोन दिवसांनी उत्तर पुन्हा वाचलं तर त्यात मला न सुचलेली एक चूकही दाखवलेली होती. फुकटात एवढं बारकाईने कोण वाचतं आपला कोड?

स्वीकारला गेला तो दुसरा पॅच, एका आज्ञेची चुकीची मदत-ओळ आणि तिने परत द्यायचा एरर कोड. सात ओळी. त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. पहिलीत विषयाच्या ओळीची सुरुवात ‘केडीबी:’ अशी नव्हती. दुसरीत बदल काय केला ते लिहिलं होतं, का केला ते नव्हतं. पाठवण्याआधी चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्टला विचारा, साइन्ड-ऑफ-बाय (हा बदल द्यायचा हक्क मला आहे, अशी सही) स्वतःच्या ओळखीने द्या, निनावी नको. आणि उत्तर यायला पंधरा दिवस लागले तर गप्प राहा. आठवण करायची ती नंतर, एका ओळीत.

नोकरीचं विचारतात सगळे. केडीबी येणारा माणूस हवा अशी जाहिरात मी अजून बघितलेली नाही. मला मुलाखतीत विचारलं होतं की इंटरप्टमध्ये म्यूटेक्स (वाट बघताना झोपवणारं कुलूप) का घेता येत नाही. मी ते सांगून पुढे चाळिसाव्या वेळेनंतरच्या त्या गोठलेल्या पडद्याची गोष्ट सांगितली, आणि उरलेला पाऊण तास आम्ही त्यावरच बोललो. आता ज्या गटात आहे तिथे नवीन बोर्ड आले की पहिल्या आठवड्यात सिरियल तार माझ्याकडे येते. एकदा त्या बोर्डवरचा हार्डवेअर वॉचडॉग (कर्नल हलेना झाला की बोर्ड रीबूट करणारी चिप) बंद करायला विसरले होते. केडीबीच्या प्रॉम्प्टवर स्टॅक वाचतेय तोवर बोर्ड आपोआप रीबूट. कर्नल अडकलाय का ते बघणारे सॉफ्टवेअरचे पहारेकरी केजीडीबी स्वतः गप्प करतो, सॉफ्ट-लॉकअप, आरसीयू वगैरे. पण बोर्डवरच्या त्या वेगळ्या चिपला कर्नल थांबलाय हे सांगणार कोण? तिला वाटलं, गेला. तिने तिचं काम केलं.

तेव्हा तार जोडण्याआधी वॉचडॉगचा जंपर बघा.