स्टेलारिस कॅम्पेनमध्ये पॉप आणि कॉलनीचे नियम आपल्या ग्रुपला जमतील असे कसे करायचे

आधी एक गोष्ट, हे सगळं स्टेलारिस या अंतराळात साम्राज्य उभारायच्या गेमच्या ३.१४ व्हर्जनसाठी आहे. मे २०२५ मध्ये ४.० आलं आणि पॉपचा, म्हणजे ग्रहावरची लोकसंख्या मोजायच्या एककाचा, हिशोबच बदलला, जुना एक पॉप म्हणजे आता शंभर, त्यामुळे खालचे आकडे तिकडे जसेच्या तसे वापरू नका. जुनं व्हर्जन हवं असेल तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, बीटाजमध्ये ते मिळतं. ग्रुपमधल्या सगळ्यांनी तेच घ्यायचं, नाहीतर रविवारची अर्धी दुपार "मला तुझी लॉबी दिसतच नाहीये" यातच जाते.

आता मुद्दा काय आहे, तर डिफॉल्ट सेटिंगवर ज्याने सुरुवातीला जास्त ग्रह बळकावले तो बहुतेक वेळा पुढेच राहतो, कारण प्रत्येक कॉलनीवर पॉपची वाढ वेगळी चालते. दहा ग्रह असले की दहा ठिकाणी पोरं जन्माला येतायत, आणि गेममधल्या २४०० सालाच्या आसपास पॉप इतके होतात की बऱ्यापैकी मशीनवरसुद्धा एक महिना सरता सरत नाही. कॉलनी शिपचं बटण दाबताना माणसाने जरा थांबून विचार केला पाहिजे, आपल्याला एवढंच हवंय.

गेम सुरू करतानाच्या सेटिंगमधला सगळ्यात कामाचा स्लायडर म्हणजे ग्रोथ रिक्वायर्ड स्केलिंग. नवीन पॉप यायला मुळात १०० पॉइंट लागतात आणि तुमच्या अख्ख्या साम्राज्यातल्या प्रत्येक पॉपमागे त्यात ०.२५ ची भर पडते. म्हणजे २०० पॉप असतील तर १५० पॉइंट, ४०० झाले की २००. हाच स्लायडर ०.५ वर नेला तर ४०० पॉपला ३०० पॉइंट लागतात, म्हणजे मोठ्या साम्राज्याला चांगलाच ब्रेक लागतो आणि छोट्याला फारसं जाणवत नाही. रोबोट असेंब्लीलाही हेच लागू आहे, त्यामुळे ती पळवाट बंद. चार-पाच जण खेळत असाल तर मी ०.५ च म्हणेन. लॉजिस्टिक ग्रोथ सीलिंग म्हणून शेजारीच अजून एक स्लायडर आहे, त्याला पहिल्या कॅम्पेनमध्ये हात लावू नका, दोन्ही एकदम हलवले की नक्की कशामुळे काय झालं ते कळतच नाही. आणि हे सगळं गेम सुरू करतानाच, चालू सेव्हमध्ये नंतर बदलता येत नाही.

पण याचा एक साइड इफेक्ट आहे आणि तो बरेच जण विसरतात. घरचे पॉप महाग झाले की शेजाऱ्याचे तयार पॉप उचलून आणणं एकदम स्वस्त पडतं, मग शांतपणे वसाहत करणारा खेळाडू मूर्ख ठरतो आणि सगळे २२३० पासूनच लढायला लागतात. कुणाला तसंच आवडत असेल तर मजा करा, पण नसेल तर घरचे नियम लागतात. आमच्याकडे निहिलिस्टिक अक्विझिशन पर्क आणि बार्बेरिक डिस्पॉयलर्स सिव्हिक दोन्ही बंद, कारण त्यातून बॉम्बिंग करता करता पॉप पळवता येतात. शिवाय जिंकलेल्या ग्रहावरचे पॉप दहा वर्षं हाताने हलवायचे नाहीत. हे गेम स्वतः तपासत नाही, विश्वासावर चालतं, पण नकाशावर सगळं दिसतंच की.

हॅबिटेबल वर्ल्ड्सचा, म्हणजे राहण्याजोगे ग्रह किती असतील त्याचा, स्लायडर कमी करायचा मोह सगळ्यांना होतो. ०.५ करा, चालेल, त्याच्या खाली गेलात तर लोक ग्रहांचा नाद सोडून हॅबिटॅट, म्हणजे अवकाशातल्या कृत्रिम वसाहती, बांधत सुटतात आणि तुम्ही परत तिथेच. गॅरंटीड हॅबिटेबल वर्ल्ड्स (घराजवळ हमखास मिळणारे ग्रह) मात्र २ वरच ठेवा, नाहीतर एखाद्याला शेजारी नुसते दगड मिळतात आणि तो तासाभरात कंटाळून झोपायला जातो.

कॉलनी कुठे टाकायची याचा नियम हॅबिटॅबिलिटीवर, म्हणजे ग्रह राहायला किती टक्के योग्य आहे त्यावर, लावला तर सगळ्यात कमी भांडणं होतात. गेममध्ये १०० पेक्षा जेवढे टक्के कमी तेवढा पॉपचा अपकीप (सांभाळायचा खर्च) जास्त, आणि वाढ व उत्पादन त्याच्या निम्म्याने कमी. म्हणजे ६० टक्क्यांच्या ग्रहावर अपकीप ४० टक्के जास्त आणि उत्पादन २० टक्के कमी. २० टक्क्यांच्या ग्रहावर तर अपकीप ८० टक्के वर, उत्पादन ४० टक्के खाली, तरी लोक तिथे उतरतात कारण नंतर तिथले पॉप दुसरीकडे हलवता येतात. म्हणून २२५० पर्यंत ६० टक्क्यांखाली कॉलनी नाही असा नियम करा. जोडीला पॉलिसीमध्ये रीसेटलमेंट (पॉप हाताने हलवणं) सगळ्यांनी बंद ठेवायचं ठरलं तर बरंच, बेकार पॉप आपोआप दुसऱ्या ग्रहावर जातात तेवढं पुरतं.

कॉलनी शिपला २०० अलॉय, २०० अन्न, २०० कन्झ्युमर गुड्स लागतात. नुसते अलॉय पाहिले तरी दोन आउटपोस्ट (ताऱ्यावर ताबा मिळवायचे तळ) झाले, त्यामुळे सुरुवातीची किंमत मुळात ठीकच आहे, ती वाढवायला मॉड काढायची गरज नाही. तरीही कुणाला बेस ग्रोथ वगैरे बदलायचीच असेल तर कॉमनच्या आतल्या डिफाइन्स फोल्डरमधली मूळ फाइल अख्खी कॉपी करू नका, मॉडमध्ये स्वतःची छोटी फाइल करून फक्त बदललेल्या ओळी टाका. ती सगळ्यांकडे एकसारखी हवी, नाहीतर चेकसम, म्हणजे सगळ्यांच्या फाइल एकच आहेत का ते दाखवणारा कोड, जुळत नाही. मॉड लावला की अचीव्हमेंट गेल्या, स्लायडर हलवल्याने जात नाहीत.

आणि हो, एआय साम्राज्यांना तुमचे घरचे नियम माहीत नसतात. ती ६० टक्क्यांखालच्या ग्रहावरही बिनधास्त उतरतात आणि तुम्ही हात बांधून बघत बसता, तेव्हा एआयची संख्या दोन-तीनवर आणा नाहीतर नुसत्या स्लायडरवर भागवा.