क्लोन केलेल्या सगळ्या व्हीएमना एकच आयपी: माझा अनुभव

पॅकेज तपासायला उबुंटू २२.०४ सर्व्हरच्या मूळ व्हीएमवरून (संगणकात चालणारा आभासी संगणक) चार क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, काढले. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) वेगळे, तरी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) चौघांना एकच. एकात एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की दुसरं तुटायचं. मॅक पुन्हा बदलले, राउटर रीस्टार्ट केला. दोन संध्याकाळी पाण्यात.

कारण असं की इथे डीएचसीपीला (आयपी वाटणारी सेवा) ओळख मॅकवरून नाही, /ईटीसी/मशीन-आयडी या यंत्राचा आयडी ठेवणाऱ्या फाइलवरून जाते, आणि क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी येते.

मूळ व्हीएममध्ये आधी 'एलएस -एल'ने बघा, /व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी ही त्याच फाइलची सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा) आहे ना. मग 'सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी'. फाइल रिकामी करायची, उडवायची नाही. लगेच शटडाउन, मध्ये रीबूट केलात तर नवा आयडी लिहिला जातो (मी केला होता). मग क्लोन काढा.