स्वरयंत्रातल्या गाठीचं ऑपरेशन सांगितलंय? आधी काय विचारायचं, नंतर काय पाळायचं

आमच्या सांगलीत घसा बसणं हा आजार धरतच नाहीत. हळदीच्या सौद्यात भाव पुकारणारे, शाळेतले सर, कीर्तनकार, सगळे खडीसाखर चघळत महिने काढतात. तर पहिली गोष्ट, तीन आठवडे झाले आणि आवाज घोगराच आहे तर ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. तंबाखू, बिडी, मिश्री असेल तर तेवढंही थांबू नका. लांब जायला नको, मिरज शेजारीच आहे, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजातही ईएनटी विभाग आहे.

तपासणीला घाबरायचं काम नाही. नाकात बधिर करायचा स्प्रे मारतात, बारीक दुर्बीण आत सोडतात आणि 'ई' म्हणायला लावतात, स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडझाप करताना दिसतात, त्याच व्होकल कॉर्ड.

आता डॉक्टरला नीट विचारा की गाठ नक्की कसली. कारण दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारके गड्डे असतील तर ते नोड्यूल, ओरडून ओरडून झालेले, त्याला आधी स्पीच थेरपी आणि आवाज कमी वापरणं, लगेच चाकू नाही. पॉलिप म्हणजे पट्टीवर आलेला मऊ फुगवटा, तो बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, मोठा असेल तर काढावाच लागतो. पॅपिलोमा म्हणजे चामखिळीसारखी वाढ, ती व्हायरसमुळं होते आणि परत परत येऊ शकते, म्हणजे एका ऑपरेशनवर भागेलच असं नाही. पांढरा चट्टा किंवा संशयास्पद गाठ असेल तर मात्र चालढकल नको, तुकडा तपासायला पाठवावाच लागतो, त्यालाच बायोप्सी म्हणतात.

ऑपरेशनच्या आधी हललेला दात, कवळी, कॅप काय असेल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कारण लोखंडी नळी तोंडातूनच आत जाते आणि वरच्या दातांवर दाब येतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. जेवण साधारण सहा तास आधी बंद, पाण्याचं ते सांगतील तसं. खर्चाचा प्रश्न असेल तर ॲडमिट व्हायच्या आधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या माणसाला भेटा, आपलं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते तोच सांगेल, नंतर धावपळ करून उपयोग नसतो.

बाहेरून गळ्याला कुठं चिरत नाहीत. पूर्ण भूल देऊन, मायक्रोस्कोपमधून बघत बारीक हत्यारानं नाहीतर लेसरनं गाठ काढतात. लेसर म्हणजे भारीच असं काही नाही, गाठ बघून ठरतं. बऱ्याच जणांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. घसा दुखतो, जीभ थोडे दिवस बधिर वाटू शकते.

खरं ऑपरेशन घरी आल्यावर सुरू होतं! काही दिवस, कुणाला तीन तर कुणाला आठवडा, अजिबात बोलायचं नाही. कुजबुजणंही नाही, लोकांना वाटतं हळू बोललेलं चालतं, पण कुजबुजताना बऱ्याच जणांच्या स्वरयंत्रावर उलट जास्त ताण येतो. खाकरून घसा साफ करणंही बंद, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. आमचे दाजी पोराची पाटी घेऊन बसले होते, दुसऱ्या दिवशी दुकानातल्या हमालाशी हिशोबावरून पाटीवरच भांडायला लागले, त्याला अक्षर लागेना, शेवटी दाजींच्या तोंडून शब्द गेलाच. त्यामुळं दुकान, फोन, गावकी यांच्यापासून पेशंटला लांबच ठेवा, व्हॉट्सॲप आहेच की.

रात्री उशिरा तर्रीदार खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही, पोटातलं ॲसिड वर येऊन जखमेला त्रास होतो. तंबाखू, सिगरेट कायमची बंद. बोलायला परवानगी मिळाली की थेरपिस्ट सांगेल तसं थोडं थोडं सुरू करायचं, आवाज मोकळा व्हायला काही आठवडे जातात, पहिल्याच दिवशी सौद्यात उभं राहायचं नाही. श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला किंवा तोंडातून ताजं रक्त आलं तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः जाऊन आणा, डॉक्टरला दाखवा. आवाज सुटला म्हणून तो तिथंच सोडून देणारे लोक आहेत.