मांडवीला शून्य धरून दोन बिंदूंमधलं अंतर काढा

निर्देशक (बिंदूची जागा सांगणाऱ्या दोन संख्या) शिकायला बडोद्याच्या जुन्या शहराचा आराखडा आयताच हाताशी आहे. मधोमध मांडवी ही इमारत आणि चार दिशांना चार दरवाजे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. मांडवीला आरंभबिंदू (०, ०) माना. लहेरीपुरा ते पाणीगेट हा क्ष-अक्ष, गेंडीगेट ते चांपानेर दरवाजा हा य-अक्ष. रस्ते काटकोनात आहेत असं धरून चालू. ग्राफ पेपरवर १ सेंमी म्हणजे २५ मीटर. प्रमाण दोन्ही अक्षांवर एकच हवं, नाहीतर पट्टीने मोजलेलं अंतर कधीच जुळणार नाही.

एक घर अ (−३, २) वर, म्हणजे मांडवीपासून ७५ मीटर पश्चिमेला आणि ५० मीटर उत्तरेला. दुसरं ब (५, −४) वर. अ मधून आडवी आणि ब मधून उभी रेघ ओढा. दोन्ही (५, २) वर भेटतात, तिथे काटकोन होतो. अबचं अंतर हा त्या त्रिकोणाचा कर्ण. सूत्र विसरलात तरी हे चित्र काढलं की पायथागोरस पुढचं सांगतो:

अंतर = √[(क्ष₂ − क्ष₁)² + (य₂ − य₁)²]

आडवी बाजू ५ − (−३) = ८. गुण जातात ते इथेच: घाईत उणेचं चिन्ह गळतं आणि ५ − ३ = २ लिहिलं जातं. अ उभ्या अक्षाच्या डावीकडे, ब उजवीकडे, म्हणजे मधली लांबी ३ आणि ५ मिळूनच होणार.

उभी बाजू −४ − २ = −६, वर्ग ३६. बऱ्याच कॅल्क्युलेटरांवर कंसाशिवाय −६² दाबलं तर −३६ येतं, कंस द्याच. ब मधून अ वजा केलं की अ मधून ब, याने फरक पडत नाही, कारण वर्गात चिन्ह जातंच. क्षमधून य मात्र वजा करू नका.

६४ + ३६ = १००, वर्गमूळ १०, म्हणजे २५० मीटर. बेरजेआधीच वर्गमूळ घेतलं तर ८ + ६ = १४ येतं. ते ३५० मीटर झाले, आडव्या-उभ्या वाटेने चालण्याचे. पोळांतून (जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून) जाणाऱ्याला तेवढं चालावं लागेलही, पण सरळ अंतर ते नव्हे.

पडताळा सोपा आहे: उत्तर मोठ्या बाजूपेक्षा (८) कमी आणि दोन्हींच्या बेरजेपेक्षा (१४) जास्त येऊच शकत नाही. ग्राफवर पट्टी लावली तर १० सेंमी भरायला हवेत.

वर्गमूळ पूर्ण सुटलं नाही तर तसंच ठेवा. अ ते मांडवी √१३ आहे. शेवटी २५ ने गुणून मगच दशांशात घ्या, सुमारे ९० मीटर.

मोबाइलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश या सूत्रात थेट घालू नका. बडोद्याजवळ रेखांशाचा १ अंश सुमारे १०३ किमी, तर अक्षांशाचा जवळपास १११ किमी भरतो. आधी दोन्ही फरक मीटरमध्ये आणा.